दहा मैलांपलीकडचं लाकूड

विनिफ्रेड सूलियेने तंबाखूची पुडी टेबलावर ठेवली आणि भाचीच्या पुढ्यात सरकवली.

"घे. आणि त्या लिंडक्विस्टला उघडा पाड."

रोझलिन गोकीने पुडीला हात लावला नाही. बारा वर्षं पोलिसात काढून आता ती ग्रीन बे शहरात स्वतःच्या पाटीखाली तपासाची कामं घेत होती. शहरातले लोक तिच्याकडे पाकीट घेऊन येत. तंबाखू घेऊन येतं ते फक्त घरचं माणूस. आणि एकदा का तंबाखू घेतला, की काम अर्ध्यावर टाकता येत नाही.

"एकदा घेतला की मी थांबणार नाही, आत्या. कुठेही गेलं तरी."

"थांबायला बोलावलंय कुणी तुला? जमातीचं कौन्सिल शनिवारी दुपारी बसतंय. तू पुरावा द्यायचास, त्यांनी त्याचा भाडेपट्टा फाडायचा, आणि तो बायकापोरांना घेऊन आला तिकडे चालता होईल. एवढं सोपं आहे."

रोझलिनने पुडी उचलून खिशात टाकली. उठताना तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. मिलवॉकीच्या घरापुढे लेलँड, विनिफ्रेडचा मुलगा, पोट धरून हसत होता. मागे त्याचं झाड. शेंड्याला पान नाही, बुंधा ठिकठिकाणी पांढुरका, आणि बुडाशी मात्र हिरव्या पालवीचा झुपका.

"हा कधीचा गं?"

"तो गेला ना, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला. फार जीव होता त्याचा त्या झाडावर. दोघंही एकाच वसंतात गेले." विनिफ्रेडने फोटोची काच बाहीने पुसली. "चल. दिवस काय तुझ्यासाठी थांबतोय?"

घरामागे दलदल होती आणि दलदलीत काळ्या अ‍ॅशची झाडं. चार पिढ्या या घरातल्या बायकांनी त्यांचेच ओंडके मोगरीने ठोकून पट्ट्या सोडवल्या होत्या आणि टोपल्या विणल्या होत्या. विनिफ्रेडच्या टोपल्या घ्यायला कुठून कुठून माणसं येत. शाळेचं तोंड तिने तीन वर्षंच पाहिलं. पण लाकूड वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

आता निम्मी झाडं मेली होती. उरलेली मरत होती.

"शेंडा बोडका," रोझलिन एका झाडाभोवती फिरत म्हणाली. "सालीखालचे किडे खायला सुतारपक्षी साल खरवडतो, म्हणून बुंधा पांढरा. आणि हा बुडाशी झुपका. झाड मरायला टेकलं की खालून धडपडतं."

"मला शिकवतेस? मेला तो हिरवा भुंगा. परक्या लाकडातून येतो. म्हणून तर सात वर्षांपूर्वी मी कौन्सिलकडून नियम करून घेतला, की दहा मैलांपलीकडचं जळाऊ लाकूड गावात आणायचं नाही. रस्त्यावरचा तो बोर्ड माझ्यामुळे लागलाय. आणि हा लिंडक्विस्ट तळ्याकाठी तंबूवाल्यांना बोलावतो, गाड्या भरभरून!"

"त्याचा तंबूंचा तळ तर पलीकडच्या काठाला आहे."

"मग? भुंग्याला पंख असतात."

"सगळ्यांत आधी कुठलं झाड वाळायला लागलं?"

विनिफ्रेडने बोट दाखवलं. दलदलीच्या कडेचं, घराच्या बाजूचं झाड. गेल्याच महिन्यात तिने ते पाडायला लावलं होतं. जाड बुंधा अजून पाण्यात पडून होता.

"इथे कोण कोण येतं?"

"इथे?" विनिफ्रेडची मान ताठ झाली. "परक्याचं पाऊल या काठाला पडत नाही. मागे एक मासे धरणारा चुकून उतरला होता. त्याला मी वल्ह्याने परत पाठवला."

"वल्हं दाखवून?"

"दाखवून कसलं, घालून."

रोझलिन हसत वळली आणि गवतातल्या सपाट दगडांना अडखळली. चार दगड, चौकोनात मांडलेले.

"जपून! लेलँडच्या लाकडांची बैठक आहे ती." विनिफ्रेडचा आवाज जरा उतरला. "चार दिवस त्याच्या मयताचा विस्तव पेटता ठेवला आपण, आठवतं ना? उरलेली लाकडं मी इथे रचून ठेवली. वर्षाच्या जेवणाला पुन्हा तोच विस्तव केला. मधल्या वर्षात त्यातल्या एका काटकीवरसुद्धा कुणाला चहा करू दिला नाही मी."

रोझलिन खाली बसली. एक दगड उचकटून तिने खाली दबलेला सालीचा तळहाताएवढा तुकडा काढला, झटकला आणि खिशात ठेवला.

"कचरा कशाला गोळा करतेस?"

"सवय आहे," रोझलिन म्हणाली. "आत्या, गावात अ‍ॅश जाळतं का कुणी?"

"टोपलीचं लाकूड चुलीत घालणारी बाई या गावात अजून जन्मायचीय."

*

दुपारी अंगणात दोन ओंडके आले. एक त्या पहिल्या झाडाचा, दुसरा पलीकडच्या काठावरच्या, लिंडक्विस्टच्या तळाजवळच्या मरत्या झाडाचा.

"ठोक," रोझलिन म्हणाली.

"मेलेल्या लाकडाच्या काय टोपल्या करायच्यात?"

"टोपल्या नाही करायच्या. तू ठोक, मी मोजते."

विनिफ्रेडने मोगरी उचलली. या वसंतात शिकायला आलेल्या तीन मुलींना तिने हात दुखतो म्हणून परत पाठवलं होतं. हात ठणठणीत होता. द्यायला धड ओंडका नव्हता, आणि ते तोंडाने सांगण्यापेक्षा तिने खोटं बोलणं पत्करलं होतं. आठवलं की अजून कानशिलं तापायची. तिने तो ताप ओंडक्यावर काढला.

काळ्या अ‍ॅशची गंमत अशी, की ठोकलं की तो वर्षावर्षाने सुटतो. एका वर्षाची वाढ, एक पट्टी. पलीकडच्या ओंडक्याची पहिली पट्टी निघाली आणि दुसरीवर नागमोडी चर दिसला. अळीने कोरलेला, जुनी जखम.

"गेल्या वर्षीचा," विनिफ्रेड म्हणाली.

मग अलीकडचा ओंडका. वरच्या पट्ट्या चरांनी पार चाळण झालेल्या. तिसरी, चौथी, पाचवी. चर कमी होत गेले. सहावीवर दोन. सातवीवर एकच, बारीक, कडेने लाकूड भरून आलेला. आठवी सोडवली. स्वच्छ. नववी, दहावी, स्वच्छ.

"सात," रोझलिन म्हणाली.

"वरची या वर्षाची. ती सोडली तर सहा वर्षं मागे." विनिफ्रेडने घाम पुसला आणि तिचे डोळे चमकले. "लिंडक्विस्ट म्हणतो, मी तीन वर्षांपूर्वी आलो. खोटारडा! त्याच्याआधी तंबू घेऊन यायचा तो इथे. मी स्वतः पाहिलाय."

"मग विचारू त्याला," रोझलिन म्हणाली. दोन्ही ओंडक्यांच्या पट्ट्या तिने गुंडाळून घेतल्या.

*

आधी त्या वाइनो लेहतोकडे गेल्या. पेट्रोल पंपाशेजारी तो लाकडाच्या मोळ्या विकायचा. म्हातारा फिनलंडवाला दगडासारखा. एक शब्द काढायचा तर दोनदा विचारावं लागायचं.

"तुझं लाकूड कुठलं?"

"इथलंच. मेपल, बर्च. भट्टीत तापवतो, शिक्का मारतो."

"अ‍ॅश?"

"मिळतोय कुठे? या बाईसाहेब खोडाला हात लावू देत नाहीत."

"तोंड सांभाळ, वाइनो."

"लिंडक्विस्ट लाकूड कुणाकडून घेतो?" रोझलिनने विचारलं.

"माझ्याकडून. सगळं."

"आणि पूर्वी, तंबू घेऊन यायचा तेव्हा?"

वाइनोने एक मोळी उचलून नीट रचली. "तेव्हाही. पहिल्या वर्षी ओलं दिलं म्हणून भांडायला आला होता. बरोबर होतं त्याचं. ओलंच होतं. मला अजून लाज वाटते."

विनिफ्रेडने नाक मुरडलं. ओल्या लाकडाची कसली आलीय लाज!

कर्ट लिंडक्विस्ट तळाच्या फाटकापाशी रंग देत होता. त्यांना पाहून त्याने ब्रश खाली ठेवला आणि हात पँटला पुसला, पण पुढे केला नाही. विनिफ्रेडने घेतला नसता, हे त्याला ठाऊक होतं.

"मिसेस सूलिये, माझ्या मुलींना शाळेत 'भुंगे' म्हणतात," तो म्हणाला. "तुम्ही मला बोला. पण त्या आठ आणि दहा वर्षांच्या आहेत."

"माझी झाडं दोनशे वर्षांची होती."

रोझलिनने मधे तोंड घातलं. "बाहेरचं लाकूड घेऊन कुणी आलं तर काय करता?"

त्याने फाटकामागचं लोखंडी पिंप दाखवलं. "काढून घेतो आणि त्याच दिवशी जाळतो. जळालेलं लाकूड काही करत नाही. किडा आत झोपलेला असतो, जूनमध्ये भोक पाडून बाहेर पडतो. राखेतून नाही पडत. धोका असतो तो रचून ठेवलेल्या लाकडाचा."

"पाठ केलंय बघ कसं," विनिफ्रेड म्हणाली. "जीभ बघावी तर तेल लावल्यासारखी."

लिंडक्विस्टची बायको मॅरिबेथ दारात उभी होती. तिने या दोघींना पाहिलं आणि मुलींना आत घेतलं.

परतताना एल्डनचं घर लागलं. एल्डन विनिफ्रेडच्या बहिणीचा मुलगा, ट्रक चालवायचा. बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता तो, आणि रोझलिनला पाहिल्यावर त्याने डोकं अजून आत घातलं.

"ये ना बाहेर, दादा. मी काय चावते?"

"रोझ, तू परत जा ना," तो आतूनच म्हणाला. "मेलेली झाडं उठणार आहेत का?"

"असं काय बोलतोस रे?" विनिफ्रेड तडकली. "माझ्या बाजूने बोलायला जीभ झडते तुझी?"

"लेलँडला मिलवॉकीहून आणलं, तेव्हा मागून ट्रक तूच आणलास ना?" रोझलिनने विचारलं.

"मीच."

"भरून?"

एल्डनने आधी मावशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे. "भरून."

"घर रिकामं करून द्यायचं होतं," विनिफ्रेड म्हणाली. "खुर्च्या, भांडी, कपडे. या सगळ्याचा झाडांशी काय संबंध? लिंडक्विस्टचं विचार!"

घरी येईस्तोवर रोझलिन गप्पच होती. जेवताना तिने जंगली भात नुसता चिवडला.

"आत्या, उद्याच्या आधी तुला एकटीला काही सांगायचंय."

"एकटीला का? चोरी आहे?"

"ऐकून तर घे."

"हे बघ, पोरी. त्याने माझी झाडं उघड्यावर मारली, त्याला मी उघड्यावर ऐकवणार. माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नाही. जे असेल ते सगळ्यांसमोर बोल." आणि तिने ताट उचललं.

*

शनिवारी दुपारी कौन्सिलचं सभागृह भरलं. विनिफ्रेडनेच घरोघर सांगावा धाडला होता. ती पहिल्या रांगेत, चांगला शालू नेसावा तशी ठेवणीतली शाल पांघरून बसली होती. शिकायला येणाऱ्या तिन्ही मुली मागच्या रांगेत होत्या. पलीकडे भिंतीला टेकून लिंडक्विस्ट नवराबायको, दाराशी वाइनो आणि एल्डन. अध्यक्ष डोलोरिस शोसाने चष्मा सारखा केला.

"बोल, रोझलिन. कुणी आणला भुंगा?"

"आधी कधी आणला ते सांगते," रोझलिन म्हणाली. तिने दोन्ही ओंडक्यांच्या पट्ट्या टेबलावर उलगडल्या. "या आत्याने स्वतः ठोकून काढल्यात. तळापाशी पहिली जखम गेल्या वर्षीची. आमच्या काठाच्या झाडाला सहा वर्षांपूर्वीची. म्हणजे भुंगा तळावरून इकडे आला नाही. इकडून तिकडे गेला."

विनिफ्रेड हलली. "सहा वर्षांपूर्वी तो तंबू घेऊन यायचा. ते सांग."

"यायचा. पलीकडच्या काठाला उतरायचा आणि लाकूड वाइनोचं जाळायचा. ओल्या लाकडावरून दोघं भांडले होते, दोघांनाही आठवतं. आणि आपल्या काठाला परक्याचं पाऊल पडत नाही, हे तूच सांगितलंस, आत्या."

"पडत नाहीच!"

"मग लाकूड परक्याने आणलं नाही."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. विनिफ्रेडने मागे वळून पाहिलं. कोण असेल मेला? एल्डनने मान खाली घातलेली तिला दिसली, आणि तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. हा? ट्रकवाला? रोझ म्हणून काल गप्प होती!

"जळून गेलेलं लाकूड निरुपद्रवी असतं," रोझलिन पुढे म्हणाली. तिचा आवाज आता सपाट झाला होता, पोलिसातला. "भुंगा बाहेर पडायला लाकूड जूनमध्ये तिथे असावं लागतं. वसंतात आणलेलं, उन्हाळाभर रचून ठेवलेलं. आपल्या काठाला दलदलीपाशी असं लाकूड एकदाच रचलं गेलं, सहा वर्षांपूर्वी. वर्षभर. त्यावर चहासुद्धा कुणी केला नाही."

विनिफ्रेडला आधी कळलंच नाही. कानांनी ऐकलं, आत काही पोचलं नाही.

रोझलिनने खिशातून सालीचा तुकडा काढला. "हा त्या दगडाखाली होता. अ‍ॅशची साल. या गावात अ‍ॅश कुणी जाळत नाही, तर ही साल बाहेरच्या झाडाची. हे भोक बघा, एका बाजूने सपाट, एका बाजूने गोल. हा भुंगा असंच भोक पाडतो." तिने साल पट्ट्यांशेजारी ठेवली. "आत्याच्या भिंतीवर लेलँडचा फोटो आहे. मागे त्याचं झाड. शेंडा बोडका, बुंधा पांढरा, बुडाशी झुपका. ते झाड म्हातारपणाने गेलं नाही. त्याला भुंगा लागला होता. आणि मिलवॉकी इथून दहा मैलांवर नाही."

डोलोरिसने साल हातात घेऊन भोक निरखलं.

"मी आणलं!" दाराशी एल्डन ओरडला. तो पुढे आला, टोपी मुठीत चुरगाळत. "माझं काम ते. लेलँडचं झाड पाडलेलं होतं, मी ट्रकमध्ये टाकलं. मावशीला काही माहीत नव्हतं. माझं नाव लिहा, डोलोरिस."

डोलोरिसने पेन उचललं.

आता विनिफ्रेडला सगळं दिसलं. मिलवॉकीहून केलेल्या फोनवरचा एल्डनचा आवाजसुद्धा ऐकू आला. मावशी, तुझाच बोर्ड आहे ना, दहा मैलांचा? आणि तिचं उत्तर. ते लाकूड जळाऊ लाकूड आहे, हे सहा वर्षांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. जळाऊ लाकूड लोकांचं असतं. ते लेलँडचं होतं. तिने ओंडका न् ओंडका स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता, साल सुटू नये म्हणून जपून.

गप्प बसलं तर निभावलं असतं. एल्डन तगडा होता. गाव चार दिवस बोललं असतं आणि विसरलं असतं. पेन कागदावर टेकलं. तेवढ्या वेळात विनिफ्रेडने खरंच, एक क्षण, गप्प बसून पाहिलं. त्या क्षणाची लाज तिला पुढे आयुष्यभर पुरणार होती.

मग ती उठली.

"खोटं बोलतोय तो. लिहू नकोस."

"मावशी, बस खाली."

"तू बस! फोनवर याने मला बोर्डाची आठवण करून दिली होती. मी म्हणाले, तो नियम तंबूवाल्यांना. माझ्या लेकाच्या विस्तवाला मैल मोजायचे नाहीत." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "सगळं चार दिवसांत जाळलं असतं तर एक पान पडलं नसतं. मी ठेवलं. जपून. भुंग्यांना मीच घर करून दिलं. आणि तीन वर्षं या माणसाच्या नावाने बोटं मोडली. त्याच्या पोरींना शाळेत जे म्हणतात ना, तो शब्द माझ्या तोंडून निघालाय. मीच म्हणाले होते, दुकानात, सगळ्यांदेखत."

ती भिंतीकडे वळली. लिंडक्विस्टकडे बघायचं होतं. नजर त्याच्या बुटांपर्यंतच पोचली.

"मला माफी मागता येत नाही," ती म्हणाली. "कधी मागितलेली नाही. कशी मागतात?"

मॅरिबेथने स्वतःची खुर्ची उचलून तिच्याजवळ आणून ठेवली आणि परत जागेवर गेली.

"भाडेपट्ट्याचा विषय संपला," डोलोरिस हळूच म्हणाली. "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

विनिफ्रेड वाट बघत उभी राहिली. चाळीस वर्षं तिने या गावात कुणाचं काही ठेवलं नव्हतं. कुणाच्या सुनेचा स्वयंपाक, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाची सैल विणलेली टोपली, सगळं ज्याच्या त्याच्या तोंडावर फेकलं होतं. आज फेडायला सगळ्यांना मोकळं रान होतं. कुणीतरी उठेल, एक तरी सणसणीत शिवी हासडेल. मग तिला उलट उत्तर देता येईल, किंवा नाही देता येणार, पण निदान काहीतरी होईल.

कुणी उठलं नाही. म्हाताऱ्या बायका मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. तिन्ही मुलींपैकी धाकटी रडत होती, आवाज न करता. गावाला तिचा राग आला नव्हता. दया आली होती.

खुर्ची हाताच्या अंतरावर होती. ती उभीच राहिली.